बाबांच्या गाडीचा मीटर

आमच्या बाबांची राजदूत गाडी कित्येक वर्षे पडवीत उभी होती. बाबा वनखात्यात नोकरीला. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड या भागात त्यांनी ती चालवली. गाडीला पेट्रोलचा काटा नव्हता. पेट्रोल कधी भरले आणि तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, हे ते खिशातल्या डायरीत लिहीत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. मग मागे फिरायला टाकीत पेट्रोल पुरेल का, हे त्या आकड्यांवरून ठरायचे.

तो मीटर आता आंधळा झाला होता. काचेला आतून बुरशी, तबकडीवर काळपट थर, काटा अडकलेला. गेल्या उन्हाळ्यात मी तो साफ करायला घेतला.

मीटरचे तत्त्व सोपे आहे. जर्मनीत ओटो शुल्त्से यांनी १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. चाकाकडून आलेली केबल मीटरमधला लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघे एकमेकांना शिवत नाहीत, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो आपला वेग. किलोमीटरचे आकडे मात्र दातेरी चाकांवर फिरतात.

मग बुरशी कशाने येते? दुपारी मीटर तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री तो थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रबराची रिंग कडक झालेली असेल, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात आत पाणी साचणारच. चंद्रपूरकडे त्यात कोळशाची धूळही मिसळते.

काचेभोवतीची पत्र्याची कड दुमडलेली असते. बोथट पेचकसाने ती थोडी थोडी, गोल फिरत उचलावी. एकाच जागी जोर लावला तर पत्रा फाटतो. काच साबणाच्या पाण्याने धुवावी. तबकडीला मात्र पेट्रोल किंवा थिनर लावू नये, आकड्यांचा रंगच निघून येतो. मऊ ब्रशने धूळ झाडून, किंचित ओल्या कापसाने आधी कडेला पुसून पाहावे. स्प्रिंगला हात लावू नये. काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. केबलला ग्रीस द्यावे, पण मीटरकडचे टोक कोरडे ठेवावे. नाहीतर ग्रीस फिरत फिरत वर चढते आणि वाटी चिकटते. शेवटी नवी रबरी रिंग घालून कड पुन्हा दाबावी.

एक धोका सांगायलाच हवा. नंबरप्लेटवर चिकटवतात त्याला आपण रेडिअम म्हणतो, पण तो नुसता चमकणारा कागद. खरे रेडिअम जुन्या, विशेषतः १९६० च्या आधीच्या विलायती मीटरांच्या आकड्यांवर अंधारात दिसण्यासाठी लावलेले असू शकते. त्याची चमक विझते, किरणोत्सर्ग विझत नाही. तो निम्म्यावर यायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढत. त्यातल्या कित्येक हाडांच्या दुखण्याने दगावल्या. म्हणून पिवळट-तपकिरी, भुगा होणारा रंग दिसला तर खरवडू नका, फुंकू नका. मीटर उघडूच नका.

माझ्या मीटरवर तसा रंग नव्हता. कड बसवायला मी एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते सहज म्हणाले, “भाऊ, आकडे शून्यावर आणून देऊ काय? गाडी नवीच वाटते मग.”

गाडी विकायची असती तर ती ग्राहकाची फसवणूक झाली असती. मला विकायची नव्हती, तरी मी नको म्हटले. पुसलेल्या काचेतून आता आकडा स्पष्ट दिसत होता : ६१,४०८. घरी येऊन बाबांची डायरी काढली. शेवटच्या पेट्रोलची नोंद ६१,३७२ वर होती. म्हणजे त्यानंतर गाडी ३६ किलोमीटर चालली होती.

केबल जोडून मी गाडी गावाच्या वेशीपर्यंत नेली. काटा हलला. परत येईपर्यंत ८ चा ९ झाला होता. तो मी त्याच डायरीत, बाबांच्या नोंदीखाली लिहून ठेवला.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)