लाकडाला वाकायला शिकवताना

१९९१ साली ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. ‘ओत्झी’ या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्यापाशी सुमारे १.८ मीटर लांबीचे धनुष्य होते. पण ते अपुरे होते. तासल्याच्या खुणा त्यावर अद्याप दिसतात.

आपणांसही असे धनुष्य घडवावेसे वाटत असेल, तर या कामातील खरी कसोटी आधी जाणून घ्या. लाकडाला धनुष्याचा आकार देणे फारसे कठीण नाही. दोन्ही भुजांना सारखा वाक आणणे, ज्याला ‘टिलरिंग’ म्हणतात, ते कठीण. एखादी जागा इतरांहून दुबळी राहिली, की सारा ताण तिथे एकवटतो आणि धनुष्य तिथेच मोडते.

पट्टी चांगली वाळलेली, बिनगाठीची आणि सरळ रेषांची निवडा. धनुष्याची लक्ष्याकडील बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडील बाजू म्हणजे पोट. पाठीचे तंतू अखंड राहिले पाहिजेत. म्हणून वाक आणताना लाकूड पोटाकडूनच काढावे.

प्रथम एक टोक जमिनीवर टेकवून भुजा हलकेच दाबून पाहा. ती वाकू लागली, की लांब, सैल दोरी बांधा, मूठ भक्कम आधारावर ठेवा आणि दोरी थोडी खाली ओढा. घरातील कोणाला तरी जरा दूर उभे राहून वाक न्याहाळायला सांगा. जो भाग ताठ राहतो, तिथे पेन्सिलीने खूण करा व तेवढाच कानशीने घासा. जिथे वाक अधिक आहे, तिथे हात लावू नका. दहा-बारा हात फिरवून झाले, की धनुष्य वीस-तीस वेळा हलके वाकवा. काढलेल्या लाकडाचा परिणाम त्यानंतरच नीट दिसतो. १२ किलो ताणाचे धनुष्य हवे असेल, तर घडवतानाही त्याहून अधिक जोर लावू नका. ताणकाट्यावर मोजत राहा.

शरीराचीही काळजी घ्या. लाकडाची बारीक धूळ श्वासमार्गाला अपाय करते. मुखपट्टी आणि संरक्षक चष्मा हवाच. खांदा वा मनगट दुखू लागले, की कानस खाली ठेवा. थकलेला हात नेमके नको तेवढे लाकूड काढतो, आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नका. बाणाला मिळायची शक्ती धनुष्यातच राहते आणि ते फुटू शकते. पाठीवर एखादा तंतू उचललेला दिसला, तर ओढणे तत्काळ थांबवा. मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखालीच हे काम करू द्या.

इतके करूनही पहिले धनुष्य मोडू शकते. त्याचे तुकडे टाकून देऊ नका. मोडलेल्या जागेची जाडी आजूबाजूच्या जाडीशी ताडून पाहा. आपला हात कुठे अधिक फिरला, ते तिथे कळेल; दुसरी पट्टी हाती घेण्यापूर्वी एवढे समजले, तरी पहिल्या धनुष्याचे श्रम कामी आले.