शेपटी हलली म्हणजे माया नव्हे

कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाकडे विचारपूस केली की दोन उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. कुत्रा कोणाचा? घरचाच, नाहीतर शेजारचा. आणि चावला कशामुळे? ‘‘काही कारण नाही हो, डॉक्टर. चांगली शेपटी हलवत होता आणि एकदम धरलेच!’’ यातले पहिले उत्तर खरे असते. दुसरे मात्र बहुधा खरे नसते. कुत्र्याने आधी सांगितलेले असते, एकदा नव्हे, तीन-चार वेळा सांगितलेले असते. आपल्याला ते कळलेले नसते, इतकेच.

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. पण जनावर चावले की माणूस येतो तो आमच्याकडेच, आणि त्यात लहान मुले पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या लोकांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. लहान मुलाचे तोंड नेमके कुत्र्याच्या तोंडासमोर येते. म्हणून मोठ्यांना चावा पायाला किंवा हाताला होतो, तर मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर होण्याचा धोका अधिक. ही भाषा थोडीशी जरी समजली तरी यातले बरेच चावे टळू शकतात.

एका अवयवावरून निष्कर्ष नको

उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याने माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर १८७२ साली एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यात त्याने कुत्र्याच्या दोन अवस्था शेजारी-शेजारी मांडल्या आहेत. रागावलेला कुत्रा ताठ उभा राहतो, शेपटी वर, मानेवरचे केस उभे, कान पुढे आणि नजर रोखलेली. त्याच कुत्र्याला समोरचा माणूस आपला मालकच आहे हे कळले की सगळे उलटे होते. अंग वाकते, लवलवते, शेपटी खाली येऊन हलू लागते, कान मागे जातात.

यातला मुद्दा आजही तितकाच उपयोगाचा आहे. जनावराची भाषा एका अवयवाची नसते, ती सगळ्या अंगाची असते. अंग सैल आहे की ताठ, हे आधी पाहावे. मग शेपटी, कान, डोळे, तोंड.

कुत्र्याची शेपटी

‘कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच’ असे आपण म्हणतो, पण ते शेपूट दिवसभरात किती गोष्टी बोलते याकडे आपले लक्ष नसते. शेपटी हलते याचा अर्थ कुत्रा उत्तेजित झाला आहे, एवढाच. ती उत्तेजना आनंदाची असेल, भीतीची असेल किंवा रागाचीही असेल.

पाठीच्या रेषेत किंवा किंचित खाली असलेली शेपटी मोठ्या झोक्याने हलते, तिच्याबरोबर कंबरही हलते, तोंड सैल उघडे असते, तेव्हा कुत्रा खुशीत आहे. शेपटी काठीसारखी वर, ताठ, नुसते टोक भराभर थरथरते आणि बाकीचे अंग स्तब्ध, तेव्हा जवळ जाऊ नये. पायांत घातलेली शेपटी भीती सांगते. ती तशीच हलली तरी अर्थ तोच राहतो. आणि घाबरलेला कुत्रा गरीब असतो हा मोठा गैरसमज आहे. पळायला वाट नसली की घाबरलेला कुत्राच आधी चावतो.

२००७ साली इटलीतील शास्त्रज्ञांनी एक गमतीदार निरीक्षण प्रसिद्ध केले. मालक दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. आपण काही फूटपट्टी घेऊन शेपटी मोजायची नाही. पण ‘हलली म्हणजे माया’ हा हिशेब किती अपुरा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

चावण्याआधीच्या पायऱ्या

समजा, कुत्रा खाटेखाली निवांत पडला आहे आणि पाच वर्षांचा मुलगा त्याच्या गळ्यात हात टाकतो. आपल्याला हे प्रेम वाटते. कुत्र्यांना मात्र गळ्यात पडणे, घट्ट धरून ठेवणे सहसा रुचत नाही. तो काय करतो पाहा.

पहिल्यांदा तो मान फिरवतो, नजर टाळतो. समोर खाणे नसताना जिभेने ओठ किंवा नाक चाटतो. झोप आली नसतानाही जांभई देतो. या सगळ्याचा अर्थ ‘मला अवघडल्यासारखे होते आहे’ असा असतो. घरातले मात्र म्हणतात, ‘‘बघा, कंटाळला!’’ मग मान न हलवता तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागतो आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. त्यानंतर तो एकदम गोठल्यासारखा होतो. जीभ आत, तोंड बंद, श्वाससुद्धा रोखलेला. हा क्षण सर्वांत महत्त्वाचा. मूल तिथून हळूच बाजूला घेण्याची वेळ हीच. यानंतर गुरगुरणे, मग दात दाखवणे, मग हवेत तोंड मारणे आणि शेवटी चावा.

प्रत्येक कुत्रा सगळ्या पायऱ्या चढतोच असे नाही. काही वेळा हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. पण बहुतेक वेळा काही ना काही सूचना मिळते.

येथे एक कळकळीची विनंती. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. गुरगुरणे हा उद्धटपणा नाही, ती ताकीद आहे. मार खाऊन कुत्रा गुरगुरणे सोडतो, त्याची भीती मात्र तशीच राहते. मग पुढच्या वेळी तो खरोखरच ‘न सांगता’ चावतो. गुरगुरला तर मूल दूर घ्यावे आणि त्याला कशाचा त्रास झाला ते शोधावे.

भुंकणारे कुत्रे चावत नाही, या म्हणीवरही भिस्त ठेवू नये. भुंकणारेही चावते आणि गप्प राहून रोखून पाहणारे तर जास्तच सांभाळावे.

मांजराची भाषा वेगळी

कुत्र्याचा अर्थ मांजराला लावला की घोटाळा होतो. मांजराची शेपटी काठीसारखी सरळ उभी, टोक किंचित वाकलेले, तर तो नमस्कार समजावा. पिल्लू आईकडे जाताना असेच करते. उलट बसल्या जागी शेपटी इकडून तिकडे आपटू लागली, तर ते खुशीचे लक्षण नव्हे, वैतागाचे आहे. मांडीवरच्या मांजराने असे केले की हात थांबवावा. पाठीवरची कातडी थरथरणे आणि कान बाजूला वळून चपटे होणे हीही तीच सूचना. पुढची पायरी नख्यांची असते.

पाठीची कमान, अंगावरचे केस फुललेले, फिसकारणे, हा अवतार सर्वांना माहीत आहे. ते मुख्यतः भीतीचे सोंग आहे. मांजर स्वतःला मोठे करून दाखवते. अशा वेळी त्याला कोपऱ्यात गाठू नये, वाट मोकळी ठेवावी.

मांजर उताणे पडून पोट दाखवते, तेव्हा मुलांचा हात पोटाकडे जातोच. ते पोट विश्वास दाखवते, ‘चोळा’ असे सांगत नाही. हात लावला की बहुतेक मांजरे चारी पायांनी हात धरतात. तसेच गुरगुर आवाज करणारे मांजर बहुधा समाधानी असते, पण आजारी आणि वेदनेत असलेली मांजरेही तसाच आवाज काढतात. खात-पीत नाही, कोपऱ्यात दडून बसते आणि तरी गुरगुरते, तर त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

मांजर आपल्याकडे पाहून डोळे सावकाश मिटते-उघडते, ते स्नेहाचे लक्षण आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले तर मांजरही तसेच उत्तर देते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. आजच घरी करून पाहावे. खर्च काही नाही!

मुलांना एवढे शिकवावे

१) खाणाऱ्या, झोपलेल्या, आजारी आणि पिल्लांजवळ बसलेल्या जनावराला हात लावायचा नाही.
२) गळ्यात पडायचे नाही, तोंडाला तोंड लावायचे नाही, शेपटी-कान ओढायचे नाहीत.
३) दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारायचे. मग कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यायचे. आला नाही तर सोडून द्यायचे.
४) रस्त्यावरचा कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. हात अंगाशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे. तो शांत झाला की हळूहळू मागे सरकायचे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकायचे.

पाच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना, कुत्रा कितीही गुणी असला तरी, एकटे सोडू नये. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या जनावराबाबत हे विशेष पाळावे.

स्वभाव अचानक बदलला तर

नेहमी शांत असणारा कुत्रा पाठीला हात लावताच अंगावर येऊ लागला, तर कान दुखणे, सांधे धरणे, जखम असे कारण पुष्कळदा असते. त्याला मार नको, उपचार हवेत.

पण दुसरी शक्यताही नेहमी मनात असावी, ती पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची. उगाच दिसेल त्याला चावणे, वाटेल तिकडे भटकणे, आवाज बदलणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे, मागचे पाय लुळे पडणे ही लक्षणे होत. काही जनावरे आक्रमक न होता उलट सुस्त होतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतात. तो ‘मुका’ प्रकारही तितकाच घातक. घशात हाड अडकले असेल म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. ‘पाणी पितो आहे, म्हणजे पिसाळलेला नाही’ हाही गैरसमजच. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचे लक्षण आहे, पिसाळलेला कुत्रा पाण्याला तोंड लावू शकतो.

तरीही चावलाच तर

जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड, तेल यांपैकी काहीही लावू नये. धुतल्यावर जंतुनाशक लावून जखम उघडी ठेवावी. टाके घालण्याची घाई नको. मांजराचे दात सुईसारखे असतात. त्यांची जखम वरून लहान दिसते, पण आत खोल जाऊन लवकर पिकते. तेव्हा मांजराचा चावाही डॉक्टरांना दाखवावा.

त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. सरकारी रुग्णालयात ती मिळते. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत भरावयाचे रेबीजविरोधी इंजेक्शनही लागते. त्याची आठवण डॉक्टरांना जरूर करावी. रक्त न येता ओरखडा उठला तरी लस लागतेच. पोटातली चौदा इंजेक्शने आठवून अजूनही काही जण टाळाटाळ करतात. त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात २००४ सालीच थांबले. आता इंजेक्शने दंडात दिली जातात, चार किंवा पाच वेळा, आणि ठरलेल्या तारखा चुकवायच्या नसतात.

चावलेले कुत्रे किंवा मांजर हाती असेल तर त्याला मारू नये, दहा दिवस बांधून लक्ष ठेवावे. परंतु ‘दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ असे करू नये. लस आधी सुरू करावी. दहा दिवसांनी जनावर ठणठणीत असेल तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो.

घरच्या कुत्र्या-मांजरांना तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची पहिली लस द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी द्यावी. लस दिलेल्या कुत्र्याने चावा घेतला तरी जखम धुणे आणि डॉक्टरांना दाखवणे चुकवू नये.

आपल्या घरी मुक्या जनावराला ‘मुके’ म्हणण्याची पद्धत आहे. मुलांना त्याची मान, कान, डोळे आणि शेपटी पाहायला शिकवा. पाहायची सवय लागली की ते तितकेसे मुके राहत नाही.