रॉकेल, रबर आणि भाऊबीज

आपल्या मध्यमवर्गीय घरांत एके काळी रॉकेलवर फार मोठी श्रद्धा होती. शिवणयंत्र जड चालू लागले, घाला रॉकेल. सायकलची साखळी मळली, बुडवा रॉकेलात. पंख्याच्या पात्यांवर चिकटा बसला, फिरवा रॉकेलचे फडके. तेव्हा 1994 सालच्या दिवाळीआधी, घर झाडून झाल्यावर मी रॉकेलची बाटली घेऊन माझा मोर्चा गाडीकडे वळवला, यात काही चुकते आहे असे मला मुळीच वाटले नाही.

गाडी म्हणजे आमची जुनी फियाट. तिच्या ब्रेकच्या डबीतले ऑइल काळे पडले होते. नवे भरायचे, तर आधी आतली घाण धुऊन काढायला नको का? भांडे विसळल्याशिवाय त्यात दूध कोण ओततो? मी जुने ऑइल काढले, डबीत रॉकेल ओतले आणि मुलाला पेडल दाबायला बसवून ते चारही चाकांपर्यंत खेळवले. मग ते काढून टाकले व नवे ब्रेक ऑइल भरले. ब्रेक उत्तम लागला. मुलाला एक अनारसा बक्षीस मिळाला. दुसरा मी स्वतःला दिला.

भाऊबीजेला आम्ही पुण्याहून वाईला, माझ्या बहिणीकडे निघालो. कात्रजच्या घाटात गाडी एकाएकी जड झाली. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालेना.

"अहो, काहीतरी जळतंय," सौ. म्हणाली.

"इंजिन तापलं असेल," मी म्हणालो. नवऱ्याला काही कळत नसले, की तो असेच म्हणतो.

घाटमाथ्यावर थांबून पाहतो, तो चाकांच्या ड्रमना हात लाववेना. मी ब्रेकवरून पाय केव्हाच काढला होता; पण ब्रेक चाकांना सोडायला तयार नव्हता. आणि पुढे उतार होता.

एका ट्रकवाल्याने दया येऊन मिस्त्री पाठवला. वयस्क गृहस्थ. त्यांनी एका चाकामागची छोटी निपल सैल केली. ऑइलची चिळकांडी उडाली आणि अडकलेले चाक सहज फिरू लागले. त्यांनी ऑइलने भिजलेले बोट नाकाशी नेले.

"साहेब, ब्रेकमध्ये काय घातलंत?"

"ब्रेक ऑइल. अगदी नवं."

"आणि त्याच्या आधी?"

मी पोरांकडे पाहिले. "रॉकेल," धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला.

"लोखंडाला चालतं ते. रबराला नाही. हा घाट उतरू नका."

गाडी ओढून परत न्यावी लागली. आम्ही एस.टी.ने वाईला पोहोचलो, तेव्हा बहीण ओवाळणीचे ताट घेऊन दारात ताटकळत होती.

दोन दिवसांनी मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर उघडून आतला रबरी कप माझ्या तळहातावर ठेवला. शेजारी नवा कप ठेवला. जुना भिजलेल्या साबुदाण्यासारखा टम्म फुगला होता. पेडल सोडल्यावर नळ्यांतला दाब उतरावा म्हणून सिलिंडरला एक बारीक भोक असते. फुगलेल्या कपाने ते बुजवले, दाब आतच कोंडला आणि ब्रेक घासत राहिले. अशा वेळी ड्रम तापतात, त्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळते, नळीत वाफ धरते. मग पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. उतारावर आमचे काय झाले असते, हे मला तेव्हा कळले.

पुढे मी या विषयाचा पिच्छा पुरवला. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली. त्यामुळे रबराचे लांब धागे एकमेकांना गाठी मारल्यासारखे बांधले जातात. म्हणून असे रबर विरघळत नाही. पण सजातीय द्रव जाळ्यात शिरला, की ते फुगते. द्रव उडून गेला, की रबराला मऊ ठेवणारी द्रव्येही तो बरोबर नेऊ शकतो. मग सील आकसते आणि आवळकाठीसारखे कडक होते. म्हणजे फुगले तरी गळती, आकसले तरी गळती!

गंमत अशी, की एकाचे विष दुसऱ्याला पाण्यासारखे असते. ब्रेकचे कप बहुधा ईपीडीएम किंवा एसबीआर या रबरांचे असतात. ब्रेक ऑइल नावाचेच ऑइल. ते ग्लायकॉलच्या कुळातले, अल्कोहोलचे नातलग. त्यात हे कप सुखाने नांदतात, पण रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल त्यांना सोसत नाही. इंजिनाची ऑइल सीले पुष्कळदा नायट्राइल रबराची. ती रॉकेलला दाद देत नाहीत, पण अ‍ॅसिटोन आणि थिनरपुढे हात टेकतात. 1957 साली बाजारात आलेले व्हिटॉन पेट्रोलला व गरम तेलाला पुरून उरते, पण अ‍ॅसिटोनने तेही फुगते; आणि तेच अ‍ॅसिटोन ईपीडीएमला फारसे बाधत नाही! तेव्हा "अमुक द्रव रबराला चालतो का?" हा प्रश्नच अपुरा. "कोणत्या रबराला?" हे आधी विचारावे.

आज ब्रेक साफ करायचे फवारे मिळतात. ते ड्रम, डिस्क अशा धातूच्या भागांसाठी. चटकन उडून जात असल्याने एखादा शिंतोडा सहसा नडत नाही. पण त्यांत रबर भिजत घालू नये. सुटा भाग धुवायचा, तर रबर आधी काढून ठेवावे. ब्रेकच्या आतल्या भागांना नवे ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. आणि एकदा का ब्रेकमध्ये रॉकेल गेले, की कप धुऊन पुसून परत बसवण्याचा मोह टाळावा. सगळ्या नळ्या धुऊन कपांपासून रबरी होजपर्यंत सारे रबर बदलावे. आमच्या मिस्त्रींनी तेच केले.

पुढल्या दिवाळीत मी बाटली शोधू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, यंदा तुम्ही फक्त माळे झाडा."

मी मुकाट्याने केरसुणी उचलली. तिला कोठेही रबर नव्हते, हे मात्र आधी नीट पाहून घेतले.