एकच पुरवठादार: कितपत धोक्याचा?

गैरसमज: एकाच पुरवठादारावर भिस्त ठेवणं म्हणजे कारखान्याच्या गळ्यात धोंडा.

वस्तुस्थिती: या मताला पुरावा म्हणून नेहमी आयसिनची आग दाखवतात. 1 फेब्रुवारी 1997, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेइकीचा कारखाना पेटला. तिथे पी-व्हॉल्व्ह बनत: मुठीत मावेल एवढा भाग, ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे जाणारा दाब आवरणारा, म्हणजे चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही. टोयोटाचे जवळपास 99 टक्के पी-व्हॉल्व्ह आयसिनकडूनच येत आणि साठा जेमतेम दोन-तीन दिवसांचा. रोज सुमारे 15 हजार गाड्या काढणारी टोयोटा काही दिवसांतच ठप्प झाली.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पण पुढे आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज मागेल त्याला दिली. खास बनवून घेतलेली यंत्रं जळाली होती, म्हणून साध्या मशिनिंग सेंटरवर, संथपणे का होईना, काम सुरू झालं. दोनशेच्या आसपास कंपन्या मदतीला धावल्या. त्यांत शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदरही होती. गाडीचा भाग तिने कधी बनवलाच नव्हता! आठवडाभरात बहुतेक लाइन पुन्हा फिरू लागल्या. सुमारे 70 हजार गाड्यांचं उत्पादन खोळंबलं, हे खरंच. तरीही टोयोटाने आयसिनची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षांचे संबंध नसते, तर इतके लोक असे धावले असते का, याची मला शंका आहे.

गैरसमज: दुसरा पुरवठादार ठेवायला खर्च तो काय?

वस्तुस्थिती: डाय दोनदा, फिक्स्चर दोनदा, नमुन्यांच्या चाचण्याही दोनदा. वर ऑर्डर विभागली की दर चढतो.

गैरसमज: दोन पुरवठादार असले की निर्धास्त.

वस्तुस्थिती: त्या दोघांना माल कोण देतो, हे विचारलंय का? मार्च 2011च्या जपानमधल्या भूकंपानंतर वाहन कंपन्यांना कळलं, की वरून वेगवेगळे दिसणारे पुरवठादार खाली एकाच कारखान्यावर अवलंबून होते. गाडीच्या रंगाला चमक देणारं झिरॅलिक हे रंगद्रव्य तर जगात फक्त फुकुशिमातल्या ओनाहामा इथे, मर्क या कंपनीच्या कारखान्यात बनत होतं. तो बंद पडल्यावर अमेरिकेत फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. मर्कने झिरॅलिकची दुसरी सोय जर्मनीत केली, ती त्यानंतर.