रांजणाच्या कानावरचा शिक्का

जयपूरच्या मालवीय नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सुट्टी लागली की मेवाड आठवतो. चित्तोड, हळदीघाटी, उदयपूर. त्याच मुलखात, राजसमंद जिल्ह्यात बनास नदीच्या खोऱ्यात गिलुंड नावाचे गाव आहे. तिथे सहसा कोणी थांबत नाही. थांबावे, असे मला मनापासून वाटते.

गिलुंडच्या टेकाडांवर पहिले उत्खनन १९५९-६० साली बी. बी. लाल यांनी केले. पुढे १९९९ ते २००५ या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी वसंत शिंदे आणि ग्रेगरी पोसेल यांच्या नेतृत्वाखाली तिथे पुन्हा खणले. तेव्हा एका मोठ्या इमारतीतील मातीच्या कोठीत शंभराहून अधिक मुद्रांचे ठसे एकत्र सापडले. काळ साधारण इ.स.पू. २१०० ते १७००. नक्षी आहे, अक्षर एकही नाही. तरीही मला हा दस्तऐवजच वाटतो, आणि तो वाचता येतो.

त्यासाठी आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. रांजण ओला असताना त्याच्या कानावर मुद्रा दाबली आणि मग तो भट्टीत गेला, तर तो ठसा भांडे कोणाच्या हुकमाने घडले ते सांगतो. दुसरी रीत वेगळी. भरलेल्या रांजणाच्या तोंडाला कापड बांधायचे, दोरी आवळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मुद्रा उमटवायची. टपालाच्या पुडक्यावरच्या लाखेसारखा हा गोळा फोडल्याशिवाय आतल्या मालाला हात लावता येत नाही. त्यावरून कळते ते माल कोणाच्या ताब्यात होता हे.

पहिल्या रीतीचा सर्वांत गाजलेला नमुना यहुदाच्या प्राचीन राज्यात, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भूमीत मिळतो. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीचे, हिझकिया राजाच्या काळाशी जोडले जाणारे असे दोन हजारांहून अधिक कान आजवर मिळाले आहेत. त्यांवर चार पंखांचा भुंगेरा किंवा दोन पंखांचे सूर्यबिंब असते, वर ‘राजाचे’ अशा अर्थाची हिब्रू अक्षरे आणि खाली हेब्रोन, सोको, झिफ, मम्शत यांपैकी एका ठिकाणाचे नाव. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाच्या सेन्नाखेरीबने लाखीश शहर जाळले. डेव्हिड उसिश्किन यांनी १९७०च्या दशकात तिथे खणायला सुरुवात केली, तेव्हा त्या राखेच्या थरात हे रांजण सापडले आणि त्यांचा काळ पक्का झाला.

अभ्यासाची खरी गोडी पुढे आहे. ठशांवर नावे चार, म्हणून रांजणही चार गावांत घडले असतील असे कोणालाही वाटेल. पण मातीचे रासायनिक पृथक्करण केल्यावर ती एकाच भागातली निघाली. सगळ्यांचे माप सारखे असेल, हेही खरे ठरले नाही. जोडून उभे केलेले रांजण मोजले, तर कोणात चाळीस लिटर मावते, कोणात पन्नास. म्हणजे राजाचा शिक्का हा काही मापाचा दाखला नव्हता. काही रांजणांवर राजाच्या ठशासोबत एखाद्या अधिकाऱ्याचा ठसाही दिसतो. २०१७ साली तर वेगळाच उपयोग पुढे आला. भट्टीत भाजलेली माती निवताना त्या घडीच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची खूण धरून ठेवते. ठसे असलेल्या ६७ कानांवरून संशोधकांनी काही शतकांतले या क्षेत्राचे चढउतार मांडले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत ते एक चतुर्थांशाहून अधिक घटले होते. रांजणाच्या कानावर मारलेला शिक्का भूगर्भशास्त्राच्या कामी येतो, हे मला विलक्षण वाटते.

दुसऱ्या रीतीसाठी गुजरातेतले लोथल पाहावे. एस. आर. राव यांनी १९५५ ते १९६२ या काळात खणलेल्या तिथल्या वखारीत सुमारे ६५ मुद्रांकित गोळे मिळाले. वखारीला आग लागली, म्हणूनच ते भाजून टिकले. समोर सिंधू लिपी आणि एकशिंगी पशू. ती लिपी अजून कोणालाही निर्विवाद वाचता आलेली नाही. पाठीवर मात्र कापडाची वीण, चटईचे पट्टे, दोरीचा पीळ. काही गोळ्यांवर एकाहून अधिक मुद्रा उमटल्या आहेत, तेव्हा एका मालावर अनेकांची जबाबदारी असावी.

गोळा हातात घेतल्यावर तिरपा प्रकाश टाकून पाठ तपासायची ती याचसाठी. गोलसर उतार दिसला तर तो रांजणाच्या गळ्यावर बसला असावा, दोरीची आडवी खोबण दिसली तर गाठीवर. कधी बोटांच्या रेषाही उमटलेल्या असतात. न भाजलेला गोळा धुवायचा नाही, पाण्यात तो विरघळतो. घाईच्या उत्खननात असे किती गोळे साधे ढेकूळ म्हणून फेकले गेले असतील, या विचाराने जीव कळवळतो.

गिलुंडच्या ठशांची नक्षी सिंधमधील चन्हुदडोच्या आणि मध्य आशियातल्या मुद्रांशी जुळते. ज्यांना आपण साधे शेतकरी म्हणून सोडून देतो, त्या गिलुंडच्या आहाड-बनास संस्कृतीच्या लोकांचे संबंध इतके दूरवर पोचले होते. आणि ठसे एका कोठीत एकत्र सापडले, याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे: माल कोणी ठेवला, कोणी काढला, हे पुढे दाखवता यावे म्हणून कोणीतरी ते जपले होते.

मालवीय नगरातून जवाहरलाल नेहरू मार्गाने थेट अल्बर्ट हॉल संग्रहालयापर्यंत जाता येते. तिथे काय किंवा पुण्यात काय, मुद्रांचे ठसे मांडताना चित्राची बाजू वर असते आणि पाठ झाकलेली. पेटीत ठशाखाली एक छोटा आरसा बसवायला फारसा खर्च येत नाही. तो बसवावा, आणि शेजारच्या पाटीवर दोरी कुठली, कापड कुठले, रांजणाचा गळा कुठला, ते लिहावे.