खाणीतील वाहने आणि चालकाचा यांत्रिक सोबती

आपल्या खेरडी-सिल्वासा परिसरात येणाऱ्या खडीचा, चुनखडीचा व कोळशाचा पहिला प्रवास खाणीच्या रस्त्यावरून होतो. माल दाराशी आला की आपण वजन पाहतो व पावती फाडतो. तो रस्ता आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल.

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत खुल्या कोळसा खाणी आहेत. अशा खाणींत साठ ते शंभर टन माल वाहणारे डंपर चालतात. त्यांचे चाकच पुरुषभर उंचीहून मोठे. चालक उंचावर, एका अंगास बसतो; त्यामुळे दुसऱ्या अंगास किंवा अगदी पुढ्यात उभी असलेली जीप त्यास दिसतच नाही. म्हणून जीपवर उंच काठी व झेंडा लावण्याची रीत पडली. परंतु धुके, पाऊस वा रात्र असता झेंड्याचा उपयोग तो काय?

येथे संगणक साहाय्यास येतो. उपग्रहांच्या संदेशांवरून वाहनास आपले स्थान कळते. २ मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी उपयोगाच्या संदेशांत मुद्दाम दोष ठेविला होता. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. वीस-तीस मीटर रुंद रस्त्यावर अशा स्थानाचा काय उपयोग? दोष काढल्यावर चूक दहा मीटरांच्या आसपास आली, आणि खाणीतच दुरुस्ती-केंद्र बसविल्यास ती याहूनही बरीच घटते. प्रत्येक वाहन आपले स्थान व वेग बिनतारी संदेशाने इतरांस कळविते. दोन वाटा एकमेकींस छेदणार असे गणिताने दिसताच चालकापुढे घंटा वाजते. भूमिगत खाणीत उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. तेथे कामगाराच्या अंगावरील बिल्ला वाहनास सावध करितो. पहाटेची झोप ओळखण्यासाठी चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरेही आहेत.

मात्र या यंत्रांचे एक व्यंग आहे. माल भरताना डंपरास फावड्याच्या यंत्राशेजारीच उभे राहावे लागते, आणि घंटा उगीचच वाजत राहते. दहा वेळा खोटी वाजली की अकराव्या वेळी तिच्याकडे कोण लक्ष देईल? चालक कंटाळून तिच्यावर फडके बांधतो. म्हणून माल भरण्याच्या जागी निराळे अंतर व निराळा वेग ठरवून द्यावा लागतो. हे काम यंत्र विकत घेण्याहून कष्टाचे.

महाराष्ट्रात गौण खनिज वाहणाऱ्या वाहनांस स्थानदर्शक यंत्र बसविण्याचा नियम २०२२ पासून लागू झाला. त्याचा रोख चोरट्या वाहतुकीवर आहे. तथापि तेच यंत्र वेगाचीही नोंद ठेवू शकते. आपण वाहतूकदारास भाडे बहुधा खेपेवर देतो, आणि खेपा वाढविण्याच्या घाईतच उतारावर वेग वाढतो. करार करताना वेगाची ही नोंद मागावी, आणि आठ तासांत किती खेपा होऊ शकतात हे आपणच आधी कागदावर मांडून पाहावे.