वाढती मुलं (लेखांक ७) : ‘ढोरामांगं पाठवीन!’

मागच्या आठवड्यात आपण माराबद्दल बोललो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. घरातल्या धमकीपर्यंत ते कलम पोचत नाही, आणि आपल्याकडे हात उचलण्याआधी तोंडातून धमकीच निघते.

‘अभ्यास नाही केला तं ढोरामांगं पाठवीन, पाय!’

दर्यापूर असो, अकोट असो की मूर्तिजापूर, हे वाक्य ऐकलं नाही असं शेतकऱ्याचं घर विरळाच. बोलणाऱ्या बापाच्या पोटात काळजी असते. बोंडअळी, सोयाबीनचे पडलेले भाव, दडी मारून बसलेला पाऊस, सगळं त्यानं अंगावर काढलेलं असतं. पोराच्या वाट्याला ते येऊ नये एवढंच त्याला हवं असतं. पोरगं मात्र त्यातून भलतंच उचलतं. शेत ही शिक्षा आहे, ज्याला शिकता येत नाही तो तिथं जातो, आणि माझे बाबा तर रोज तिथंच जातात. हा हिशेब ते मनातल्या मनात पुरा करतं, कुणाला सांगत नाही. पुढे अमरावतीच्या कॉलेजात धोतर-टोपीतले वडील भेटायला आले की मित्रांसमोर त्याला अवघडल्यासारखं होतं. तेव्हा आपण म्हणतो, शिकून पोरगं शेफारलं. शिकवलं तर आपणच होतं!

पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. त्यांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे. ज्या मातीतून हे झालं, तिथं वही आणि वखर एकमेकांचे वैरी ठरावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, धमकीनं निदान अभ्यास तरी होतो का? अमेरिकेत जोनाथन फ्रीडमन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. काही मुलांना एका यंत्रमानवाच्या खेळण्याला हात लावायचा नाही म्हणून कडक दम दिला, काहींना साध्या शब्दांत सांगितलं. त्या वेळी बहुतेकांनी ऐकलं. काही आठवड्यांनी दम देणारा माणूस समोर नसताना त्याच मुलांना तिथं सोडलं, तेव्हा दम खाल्लेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी ते खेळणं उचललं. साधं सांगितलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी होतं. धाक माणसाबरोबर निघून जातो. धाकासाठी ज्याचं नाव घेतलं त्याबद्दलची अढी मात्र राहते.

‘पोलीस धरून नेईन’ हेही तसंच. बडनेरा स्टेशनवर चुकलेलं लेकरू खाकी कपडे दिसताच बाकड्यामागं लपलं, तर दोष कुणाचा? ‘डॉक्टर सुई टोचंन’ ऐकून वाढलेलं पोर दुखणं लपवतं.

अभ्यासासाठी दुसरं काही बोलता येतं. ‘हे गणित झालं की मले वेचणीचा हिशेब करून दे’ असं म्हणून बघा. कोणत्या बाईनं किती किलो कापूस वेचला, किलोमागं मजुरी काय, एकूण किती द्यायचे. मांडू द्या त्याला वहीत, आणि मजुरीचे पैसेही त्याच्याच हातून वाटू द्या.